परराज्यातून इलेक्ट्रिक कार घेतली तर कोकणात वॉरंटीचं काम होतं का?

हापूस_देवगड
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय.

घर नि बाग देवगड तालुक्यात. आठवड्यातून चार दिवस कणकवलीला जाऊन येणं, म्हणजे दिवसाला शंभरेक किलोमीटर. जुनी डिझेल गाडी आता परवडत नाही. बायको म्हणते इलेक्ट्रिक घ्या, मुलगाही तेच म्हणतो, मीच अडून बसलोय.

समोर दोन गाड्या आहेत. पहिली बंगळूरची. मेव्हण्याच्या सोसायटीतल्या गृहस्थांची २०२३ची इलेक्ट्रिक एसयूव्ही, ३४ हजार किलोमीटर चाललेली, केए पासिंग. किंमत नव्याच्या निम्म्याच्या जरा वर. दुसरी नवी कोरी, पण म्हापशाच्या डीलरकडे. मला हवं ते मॉडेल त्याच्याकडे उभं आहे, आपल्या जिल्ह्यात थांबा म्हणतात.

प्रश्न एकच. उद्या गाडी बिघडली तर इथला वर्कशॉपवाला हात लावेल का? फोन करून विचारलं तर म्हणाला, "घ्या हो, मग बघू." ह्या 'बघू'मुळे तीन रात्री झोप नाही.

तारकर्लीवाला
शनिवार, रात्री १०:०५

गाडी बंद पडली तर बंगळूराक ढकलत नेतलास काय? माझा ऐक, डिझेलच बरी. खयच्याय नाक्यार मेकॅनिक गावता.

(चेष्टा हां. मी पण वाचतोय, माका पण घेवची आसा.)

माजी_अ‍ॅडव्हायझर
शनिवार, रात्री ११:२०

अकरा वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणून काढली, शेवटची तीन इलेक्ट्रिकवर. म्हणून जरा सविस्तर.

वॉरंटी डीलर देत नाही, कंपनी देते. ती चेसिस नंबरला चिकटलेली असते. गाडी बंगळूरला विकली असो की म्हापशाला, भारतातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये तिचं काम व्हायला हवं. "जिथून घेतली तिथे न्या" हे कुणी म्हणालं तर त्याला नियमाचा आधार नाही. डीलरने स्वतः बसवलेल्या वस्तू मात्र डीलरच्याच. सीट कव्हर, बाहेरचा कॅमेरा, गंजरोधक कोटिंग ह्यांच्या तक्रारीसाठी म्हापशालाच जावं लागेल.

मग वर्कशॉपवाले टाळाटाळ का करतात? वॉरंटीच्या कामाची मजुरी गिऱ्हाइकाकडून नाही, कंपनीकडून येते, आणि तिचा दर कमी असतो. काढलेला पार्ट जपून परत पाठवायचा, फोटो चढवायचे, आणि क्लेम नाकारला गेला तर भुर्दंड वर्कशॉपला. त्यामुळे आपल्या शोरूमचं गिऱ्हाईक आधी, बाहेरचा नंतर. ह्यात लबाडी कमी, हिशोब जास्त.

पण तुमची खरी अडचण निराळी आहे. कंपनीचं प्रत्येक वर्कशॉप इलेक्ट्रिकचं सगळं काम करत नाही. ब्रेक, सस्पेन्शन, एसीचा फिल्टर कुठेही होईल. नारिंगी वायरींना हात लावायचा म्हणजे हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, त्याचे हातमोजे, वेगळी बे, बॅटरी पॅक खाली उतरवायची लिफ्ट, एवढं सगळं लागतं. तेव्हा डीलरला विचारू नका, वर्कशॉपला विचारा, आणि "सर्व्हिस होते का" असं विचारूच नका. "बॅटरी पॅक उतरवायचं काम तुमच्याकडे होतं का, नाहीतर गाडी कुठे पाठवता" असं विचारा. उत्तर देताना माणूस जितका वेळ अडखळेल तितके दिवस गाडी पडून राहणार असं समजा.

अंबाघाट
रविवार, सकाळी ७:५०

वरच्या प्रतिसादातला शब्दन्‌शब्द अनुभवलाय. मी रत्नागिरीचा. गाडी बेळगावहून घेतली, नवीच. कंपनीचं नाव लिहीत नाही, आता भांडण मिटलंय.

चौदाव्या महिन्यात, जुलैत, सकाळी गाडी चालू केली तर डॅशबोर्डवर लाल कासवाचं चिन्ह आणि 'गाडी सुरक्षित जागी थांबवा'. चार्ज ७१ टक्के. जवळच्या वर्कशॉपमध्ये फोन केला तर पहिला प्रश्न, "आमच्याकडची आहे का?" नाही म्हटल्यावर आवाजच बदलला. इलेक्ट्रिकचा माणूस कोल्हापूरला बसतो, तिकडे न्या म्हणाले.

कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीची गाडी आली ती पुढची चाकं उचलून ओढणारी. मी नाही म्हटलं. इलेक्ट्रिक गाडीची मोटरला जोडलेली चाकं फिरली की मोटर फिरते, म्हणून सपाट पाठीचाच ट्रक हवा, हे मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय. ड्रायव्हर वैतागला, पण मॅन्युअलचं पान दाखवल्यावर गप्प. सपाट ट्रक सहा तासांनी आला. धो धो पावसात अंबा घाटातून ट्रकवर बांधलेली आपली नवी गाडी वर चढताना मागून बघणं, काय सांगू.

कोल्हापुरात पंधरा दिवस "बघतोय". जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार नोंदीच्या कागदावर, नुसतं 'गाडी चालू होत नाही' लिहिलेलं. मी परत जाऊन नवीन लिहून घेतलं: कुठल्या तारखेला, किती टक्क्यांवर, किती किलोमीटरला, कुठली सूचना, स्कॅनरवर कुठला कोड. सोबत मोबाईलमधला फोटो. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, जॉब कार्ड नंबरसकट. चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस पुण्याहून आला. ऑन-बोर्ड चार्जरमध्ये, म्हणजे गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये, ओल शिरून इन्सुलेशन गेलं होतं. चार्जर बदलला, एक पैसाही घेतला नाही. एकूण २७ दिवस.

गाडी कुठून घेतली हा प्रश्न पहिल्या फोननंतर परत कुणी विचारला नाही. जॉब कार्डचा नंबर मात्र प्रत्येकाने विचारला.

हापूस_देवगड
रविवार, सकाळी ९:१५

बाप रे. २७ दिवस! आंब्याच्या हंगामात असं झालं तर मी रस्त्यावर.

कागदपत्रांचं पण सांगा कुणी. बंगळूरची गाडी केए नंबरवरच चालवली तर?

शांताबाईचा_नातू
रविवार, सकाळी १०:३०

चालवा, पण बारा महिनेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७: दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो. आणि तुम्ही तर विकत घेताय, म्हणजे मालकी बदलही करायचाय.

क्रम असा. बंगळूरच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. मालकी बदलाचे २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सह्यांसकट. मग ओरोसला, आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत, नव्या नंबरसाठी फॉर्म २७. चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो, तो बंगळूरलाच तीन-चार प्रती काढून घ्या. मी एकच आणला, तो पावसात भिजला, आणि ओरोसच्या आवारात गुडघ्यावर बसून ठसा घासत बसलो. विकणाऱ्याच्या सह्यासुद्धा दोन कोऱ्या फॉर्मवर जास्तीच्या घ्या. तो गृहस्थ पुढे दुबईला गेला म्हणजे?

रस्ता कराची भीती नको. महाराष्ट्रात बॅटरीवरच्या गाडीला कर माफ आहे, २०२५च्या धोरणातही माफी ठेवलीय. ३० लाखांवरच्या गाड्यांना ६ टक्के लावायचा प्रस्ताव मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात आला होता, तो मागे घेतला. पेट्रोल-डिझेल गाडी परराज्यातून आणताना जी मोठी फोडणी बसते, ती इथे वाचते.

नवा नंबर पडला की विमा, फास्टॅग आणि नंबर प्लेट तिन्ही बदला. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला आणि ठोकलीत, तर क्लेमच्या वेळी रडाल.

गुहागरची_लेक
रविवार, दुपारी १२:०२

नव्या गाडीबद्दल. मी गोव्यातून घेतली, पासिंग एमएच ०८. पत्ता महाराष्ट्राचा असेल तर कायमची नोंदणी महाराष्ट्रातच करायची, गोव्यात फक्त तात्पुरता नंबर. भाड्याचा खोटा पत्ता दाखवून जीए नंबर घेऊन देतो म्हणणारे एजंट भेटतील. वाटेला जाऊ नका. विम्याच्या वेळी तो पत्ता उलटतो.

डीलरकडून बिल, फॉर्म २१ आणि २२, विमा, तात्पुरता नंबर घेऊन निघालात तरी एक शेपूट राहतं: नंबर प्लेट. तिचा कोड डीलरलाच वाहन पोर्टलवर चढवावा लागतो, आणि गाडी दारातून बाहेर पडल्यावर त्यांचा उत्साह ओसरतो. मी पाच आठवडे फोन करत होते. शेवटचे दहा हजार प्लेट लागल्यावर देईन असं आधीच ठरवा.

माजी_अ‍ॅडव्हायझर
रविवार, दुपारी ३:४५

ताईंचा शेवटचा सल्ला सोन्यासारखा. मी शोरूममध्ये असताना कुणी दिला असता तर मला राग आला असता.

आता जुन्या गाडीबद्दल, कारण तिथेच खड्डा आहे. २०२२-२३च्या बहुतेक गाड्यांना बॅटरी आणि मोटरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी होईल ते. ती पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. तुमच्या गाडीची अजून पाचेक वर्षं असतील. बाकी गाडीची वॉरंटी निराळी आणि बरीच लहान, तीच आधी संपते. हल्ली 'लाइफटाइम बॅटरी वॉरंटी' म्हणतात ती मात्र नीट वाचा. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ईला लाइफटाइम आहे ती पहिल्या खाजगी मालकाला. दुसऱ्याकडे गेली की १० वर्षं किंवा २ लाख किमी. वाईट नाही, पण विकणारा 'लाइफटाइम आहे' म्हणत भाव चढवत असेल तर ती त्याची लाइफटाइम, तुमची नव्हे.

एमजी विंडसरसारखी गाडी बॅटरी भाड्याच्या योजनेत घेतलेली असू शकते. बॅटरीचं कर्ज वेगळं असतं, ते फिटलंय का बघा.

आणि पैसे देण्याआधी चार गोष्टी. चेसिस नंबरवरून कंपनीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी. बॅटरीचा एसओएच, म्हणजे मूळ क्षमतेपैकी किती टक्के उरलीय त्याचा अहवाल, अधिकृत वर्कशॉपच्या स्कॅनरवरून, मोबाईल अ‍ॅपचा स्क्रीनशॉट नव्हे. गाडी लिफ्टवर चढवून पॅकचं खालचं कव्हर स्वतःच्या डोळ्याने बघणं. आणि कनेक्टेड अ‍ॅपचं खातं जुन्या मालकाने सोडून देणं. हे शेवटचं लोक विसरतात, मग गाडी देवगडात उभी आणि तिचं लोकेशन बंगळूरचे गृहस्थ बघतायत.

पॅकला खालून मार बसला असेल तर बॅटरीचा क्लेम नाकारायला कंपनीला एवढं कारण पुरतं. पुरातली गाडी तर घेऊच नका. पॅक आयपी ६७ असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी अर्ध्या तासात ओसरलं नव्हतं.

वायरमन_राजापूर
रविवार, रात्री ८:१०

सगळे गाडीबद्दल बोलतायत, अंगणाबद्दल कुणीच नाही. म्हणून लिहितो.

गेल्या दोन वर्षांत नऊ घरी चार्जर बसवले. त्यातल्या पाच जणांनी आधी कंपनीला फोन केला होता की चार्जर खराब आहे, वॉरंटीत बदला. एकाचाही चार्जर खराब नव्हता. अर्थिंग खराब होतं.

आपल्याकडे खाली जांभा. चिऱ्याला भोकं, पाणी टिकत नाही, झिरपून जातं. पावसाळ्यात अर्थिंग ठीक वाटतं, मार्चनंतर खड्डा कोरडा ठणठणीत. चार्जर दर वेळी अर्थ तपासतो, मिळाला नाही की लाल दिवा लावून बसतो. कंपनीचा माणूस येतो, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजतो. दोन-तीनच्या आत असायला हवा. एका घरी मला १८ मिळाला. तो माणूस मीटरचा फोटो काढतो, 'ग्राहकाच्या वायरिंगचा दोष' लिहितो आणि जातो. वॉरंटी तिथेच संपली.

काय करायचं? विहिरीजवळ किंवा सांडपाण्याच्या वाटेवर, जिथे बारमाही ओल असते तिथे खड्डा. कोळसा, मीठ, पट्टी, वर पाणी ओतायला पाइप. एकाने भागलं नाही तर दोन खड्डे करून जोडायचे. चार्जरला वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). साध्या १६ अँपिअर सॉकेटवर तीन किलोवॅटच्या आसपास मिळतं, रात्रभरात तुमचे शंभर किलोमीटर आरामात निघतात. सात किलोवॅटचा वॉलबॉक्स हवा असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. वाडीच्या टोकाला घर असेल तर संध्याकाळी पंप चालू झाल्यावर व्होल्टेज किती उरतो तेही मोजा.

आणि हात जोडून सांगतो, न्यूट्रलची वायर अर्थला जोडून चार्जरला फसवू नका. दिवा हिरवा होतो हे खरं. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येतो हेही खरं.

तारकर्लीवाला
रविवार, रात्री ८:३२

ह्यो खरो माणूस! माझ्या शेजाऱ्यान ताच केलेला. उद्या सकाळीच सांगतंय.

बाकी उंदरांचा काय? बागेत गाडी लावली काय वायर कुरतडतत.

माजी_अ‍ॅडव्हायझर
रविवार, रात्री ९:००

उंदीर वॉरंटीत नाही. खाऱ्या हवेचा गंज सहसा नाही. विम्यात काय बसतं ते आधी विचारा. आणि गाडी 'मेली' असं वाटलं तर निम्म्या वेळा मोठी बॅटरी नाही, १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. दोन आठवडे गाडी उभी ठेवून मुंबईला गेलात की हेच होतं. तिच्या टर्मिनलवर खाऱ्या हवेने हिरवा थर चढतो, तेवढा पुसत चला.

मांडवी_जेटी
सोमवार, सकाळी ८:२०

कायद्याची बाजू थोडक्यात, कोर्टात जायचंय.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ३४: तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. गाडी कर्नाटकात घेतली म्हणून बंगळूरला खेपा घालायच्या नाहीत, तुमचं ओरोस आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा तेवढ्यानेच कंपनीचा फोन येतो.

बागायतदारांसाठी एक गोष्ट. गाडी फर्मच्या नावावर घेऊ नका, स्वतःच्या घ्या. व्यापारी वापरासाठी घेतली म्हणून तुम्ही 'ग्राहक'च नाही, हा समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा असतो. लाइफटाइम वॉरंटीवालेही खाजगी नाव बघतात.

अंबाघाट
सोमवार, दुपारी १:१०

घाटाचं राहिलं. वर राहणाऱ्या पाहुण्यांकडे १०० टक्के भरून लगेच उतरायला लागू नका. उतारावर मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते, त्याला रिजन म्हणतात; भरलेल्या बॅटरीत तो करंट घ्यायला जागा नसते, सगळा भार ब्रेकवर येतो. मी आंबोलीहून ८० टक्क्यांवर निघतो आणि दाणोलीपर्यंत काटा खाली येण्याऐवजी वर सरकलेला असतो. फुकटातलं हे सुख डिझेलवाल्यांना नाही कळायचं.

हापूस_देवगड
तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६:४५

मंडळी, उशीर झाला, माफ करा.

बंगळूरची गाडी सोडली. मेव्हण्याला चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये पाठवलं. एसओएच छान होता, ९६ टक्के. मी तर पैशांची जमवाजमव सुरू केली होती. मग सर्व्हिस हिस्टरी आली. मागच्या वर्षी विम्याचा क्लेम, 'पॅकचे खालचे संरक्षक कव्हर'. लिफ्टवर चढवल्यावर मेव्हण्याने फोटो पाठवला: कव्हर नवं कोरं, पण त्याच्या कडेला पॅकच्या धातूवर हाताच्या पंजाएवढा पोचा. गृहस्थ म्हणाले, "गतिरोधकाला किंचित घासली होती." वाईट माणूस नाही, त्याला खरंच तेवढंच माहीत असावं. तिथल्या अ‍ॅडव्हायझरला विचारलं, पुढे बॅटरीचा क्लेम आला तर लेखी काही द्याल का. तो हसला म्हणे.

मग इथल्या त्या 'बघू'वाल्याला परत फोन केला, ह्या वेळी माजी_अ‍ॅडव्हायझर यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तो थांबला आणि म्हणाला, "पॅकचं काम कोल्हापूर. बाकी इथे. आणि काका, गाडी म्हापशाची असली तरी पहिली सर्व्हिस माझ्याकडे करा, म्हणजे सिस्टीमवर तुमचं नाव आमच्याकडे चढेल." एवढं स्पष्ट आधीच बोलला असता तर माझ्या तीन रात्री वाचल्या असत्या.

म्हापशाला बुकिंग केलंय, माझ्या नावावर. दहा हजार अडकवून ठेवायचं म्हटल्यावर सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण मॅनेजरने मान्य केलं. गाडी पुढच्या गुरुवारी.

गुहागरच्या ताई, प्लेटचा कोड चढला की नाही हे आपल्याला कुठे दिसतं?

राजापूरच्या वायरमनदादा, खड्डा काल सुरू केला. सहा फुटांवर अजून चिराच लागतोय, गडी कंटाळलाय. विहिरीच्या बाजूला सरकवू की आणखी खाली जाऊ?

वायरमन_राजापूर
रविवार, सायंकाळी ७:१०

सरकवा. तो खड्डा बुजवू नका, माड लावा.